जे मागे राहिले : मोझांबिकमधील डॉक्टरटंचाईचा इतिहास

२५ जून १९७५ रोजी आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबिक हा देश पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. स्वातंत्र्यापूर्वी तेथे सुमारे पाचशे डॉक्टर होते. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात त्यांची संख्या शंभराच्याही खाली आली. देशाची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आसपास होती. क्षेत्रफळ म्हणाल तर महाराष्ट्राच्या अडीच पटींहून अधिक. म्हणजे हिशेबाने लाख माणसांमागे जेमतेम एक डॉक्टर, आणि तोही बहुधा राजधानीत.

एवढे डॉक्टर गेले कुठे? त्यांतील बहुतेक पोर्तुगीज होते. सत्ता गेली तसे तेही मायदेशी परतले. एखाद्या शाळेतील मुख्याध्यापकांसह पाचपैकी चार शिक्षक एका सुट्टीत निघून जावेत आणि मुले मात्र नेहमीसारखी दप्तरे घेऊन दारात उभी राहावीत, तशी ही अवस्था होती.

गरीब देशांत आरोग्यसेवकांचा तुटवडा आहे हे आपण नेहमी वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आपला वार्षिक अहवाल याच विषयाला वाहिला होता. त्यात ५७ देशांची टंचाई गंभीर ठरवली होती. आफ्रिका विभागावर जगातील रोगांच्या ओझ्यापैकी २४ टक्के ओझे, पण तेथे आरोग्यसेवक मात्र जगातील ३ टक्केच, असे त्यात नोंदवले होते. हे आकडे खरे आहेत. पण त्यांतून एक समज पक्का होतो, की प्रश्न केवळ संख्येचा आहे. महाविद्यालये वाढवली, पदवीधर वाढले, की तो सुटेल. मोझांबिकचा इतिहास हा समज तपासायला फार उपयोगी आहे. म्हणून आम्ही या लेखासाठी तो निवडला.

पाचशे डॉक्टर कोणासाठी?

पहिली गोष्ट अशी, की स्वातंत्र्यापूर्वीचे ते पाचशे डॉक्टरही सर्वांसाठी नव्हते. सुमारे दोनतृतीयांश डॉक्टर लोरेन्सु मार्किश या राजधानीच्या शहरात होते. (याच शहराला १९७६ पासून मापुतो म्हणतात.) दूरच्या प्रांतांतील शेतकऱ्याच्या दृष्टीने डॉक्टर असून नसल्यासारखेच होते.

येथे आपल्याशी संबंध असलेला एक धागा सापडतो. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे. पुढे १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा निघाली. आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची ती पूर्वज. या शाळेत शिकलेले अनेक गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीज साम्राज्याच्या आफ्रिकेतील वसाहतींत नोकरीला गेले. मोझांबिकमध्येही गेले. युरोपातील डॉक्टर जेथे जायला नाखूश, तेथील कामाचा भार पुष्कळदा यांच्यावर असे. पण लिस्बनच्या पदवीला जो मान होता तो पणजीच्या पदवीला नव्हता. वसाहतीच्या आरोग्यखात्यात त्यांना दुय्यम दर्जा मिळे. पूर्ण बरोबरी हवी असेल तर पोर्तुगालला जाऊन पुन्हा शिकावे लागे. काम तेच, पण दर्जा निराळा. ही गोष्ट लक्षात ठेवूया. तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

आफ्रिकी माणसाची पायरी याहूनही खालची होती. स्वतंत्र मोझांबिकचे पहिले अध्यक्ष सामोरा माशेल हे स्वतः नर्स होते. राजधानीतील रुग्णालयात त्यांनी काम केले होते. काळ्या नर्सला गोऱ्या नर्सपेक्षा कमी पगार मिळतो, हा अनुभव त्यांनी तेथेच घेतला होता. आरोग्यसेवकाच्या मनात काय चालते हे त्यांना कोणाकडून ऐकावे लागत नव्हते.

नवे सरकार, जुनी निकड

नव्या सरकारने स्वातंत्र्यानंतर महिनाभरातच आरोग्यसेवा राष्ट्रीय केली. खासगी व्यवसाय बंद झाला. परक्या देशांतून डॉक्टर बोलावण्यात आले. क्यूबा, पूर्व युरोप, स्वीडन, इटली अशा नाना ठिकाणांहून ते आले. ठरावीक मुदत काम करून ते परत जात. गरजेच्या औषधांची एक छोटी यादी करून खरेदी एकाच ठिकाणाहून करण्याची पद्धत पडली. दहा वर्षांत आरोग्यकेंद्रांची संख्या तिपटीहून अधिक झाली.

खेड्यांसाठी वेगळा उपाय योजला गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी निवडलेल्या माणसांना सहा महिन्यांचे शिक्षण देऊन पुन्हा त्याच गावात पाठवण्यास सुरुवात झाली. जखमा बांधणे, हिवतापावर गोळ्या देणे, स्वच्छतेचे शिक्षण देणे ही त्यांची कामे. त्यांच्या पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना ‘आपे’ म्हणत. योजना चांगली होती, पण तिच्यात एक कच्चा दुवा होता. आप्यांना पगार सरकार देणार नव्हते. त्यांचा सांभाळ गावाने करावा अशी अपेक्षा होती. गाव स्वतःच अर्धपोटी असेल तर ते कार्यकर्त्याला काय देणार? कोणी शेतीकडे परतले, कोणी औषधे विकू लागले.

त्यातच यादवी युद्ध पेटले. १९७७ ते १९९२ अशी जवळजवळ सोळा वर्षे ते चालले. रेनामो या सरकारविरोधी गटाने खेड्यांतील शाळा आणि आरोग्यकेंद्रे हेरून हल्ले केले, कारण नव्या सरकारची सर्वांत ठळक खूण हीच होती. शेकडो केंद्रे उद्ध्वस्त झाली किंवा बंद पडली. नर्स आणि शिक्षक मारले गेले, पळवले गेले. आप्यांची योजना दशकाच्या अखेरीस थांबली. ती नव्याने उभी राहिली २०१० साली, आणि या वेळी कार्यकर्त्यांना दरमहा ठरावीक मानधन देण्याची तरतूद तिच्यात करण्यात आली.

शस्त्रक्रिया कोण करणार?

गोळ्या देणे एक वेळ जमेल. पण बाळंतपण अडले तर? बाळ आडवे असेल, किंवा आईचे कटिर अरुंद असेल, तर कितीही कळा आल्या तरी बाळ बाहेर येत नाही. तासांमागून तास जातात. गर्भाशय फाटते, रक्तस्राव होतो. आई वाचली तरी मूत्राशयाला कायमचे भोक पडून ती जन्मभर लघवी गळण्याच्या यातना भोगते. शंभर बाळंतपणांपैकी निदान पाच तरी अशी असतात, की ज्यांत सिझेरियन शस्त्रक्रियेची गरज पडते. ही शस्त्रक्रिया काही तासांच्या आत व्हावी लागते. रुग्णालय दोनशे किलोमीटरवर आणि वाटेत सुरुंग पेरलेले असतील, तर तेथील सर्जनाचा उपयोग काय?

त्या काळी आरोग्यमंत्री होते पास्कुआल मोकुंबी. ते स्वतः प्रसूतितज्ज्ञ होते आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९८४ साली, एक धाडसी अभ्यासक्रम सुरू झाला. अनुभवी नर्स आणि वैद्यकीय साहाय्यक निवडायचे आणि त्यांना तीन वर्षांत शस्त्रक्रिया शिकवायची. दोन वर्षे मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयात व्याख्याने आणि प्रत्यक्ष काम, तिसरे वर्ष प्रांतातील रुग्णालयात उमेदवारी. या लोकांना ‘तेक्निको’ म्हणतात. म्हणजे शस्त्रक्रियेचे तंत्रज्ञ.

त्यांना सगळी शल्यविद्या शिकवायची नव्हती. तीनच क्षेत्रे ठरवली होती : बाळंतपणातील गुंतागुंत, अपघाताच्या आणि युद्धाच्या जखमा, आणि आंत्रपुच्छदाहासारखे पोटातले तातडीचे दाह. यामागे साधा विचार होता. जिल्हा रुग्णालयात जीव जातात ते प्रामुख्याने या मोजक्या कारणांनी. मोजक्या शस्त्रक्रिया, पण त्या पुन्हा पुन्हा करून हात बसलेला, असा माणूस तेथे हवा होता.

परीक्षेचा निकाल

साहजिकच शंका आल्या. डॉक्टर नसलेल्याच्या हाती सुरी द्यायची का? गरिबांसाठी हलक्या प्रतीची सेवा, असे तर हे नव्हे? शंका रास्त होती. तिचे उत्तर मतांनी देता येत नाही, मोजून द्यावे लागते. मोझांबिकची जमेची बाजू ही, की तेथे खरोखर मोजमाप झाले.

मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयातील लागोपाठच्या २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ९५८ तेक्निकोंनी आणि १,११३ तज्ज्ञ डॉक्टरांनी केल्या होत्या. असे ताडून पाहताना एक काळजी घ्यावी लागते : सोप्या शस्त्रक्रिया एकाकडे आणि अवघड दुसऱ्याकडे गेल्या असतील तर तुलनेला अर्थ उरत नाही. येथे शस्त्रक्रिया करण्याची कारणे दोन्ही गटांत सारखी होती. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वरवरची जखम उसवण्याचे प्रमाण तेक्निकोंकडे किंचित अधिक होते. ते सोडता, माता व बालक यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा फरक आढळला नाही. जिल्ह्यांतील दहा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या दुसऱ्या एका पाहणीत तातडीच्या शस्त्रक्रियांनंतर मृत्यूचे प्रमाण ०.४ टक्के आणि आधी ठरवून केलेल्यांत ०.१ टक्के निघाले.

खर्चाचाही हिशेब झाला. शिक्षण आणि तीस वर्षांची नोकरी धरून बाळंतपणाच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेमागे तेक्निकोचा खर्च सुमारे ३९ डॉलर आला. डॉक्टरचा आला १४४ डॉलर.

२००२ साली मोझांबिकमध्ये बाळंतपणाशी संबंधित १२,१७८ मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. जिल्हा रुग्णालयांपुरते पाहिले, तर त्यांतील ९२ टक्के तेक्निकोंनी केल्या होत्या. थोडक्यात, राजधानीबाहेरची प्रसूतिशल्यसेवा हेच लोक चालवत होते.

टिकणे आणि रमणे

याच पाहणीतला एक आकडा आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. १९८७, १९८८ आणि १९९६ या वर्षांतील ५९ डॉक्टर आणि ३४ तेक्निको यांचा मागोवा घेतला गेला. जिल्हा रुग्णालयात नेमणूक होऊन सात वर्षे लोटल्यावर तेथे किती उरले? तेक्निकोंपैकी ८८ टक्के. डॉक्टरांपैकी एकही नाही.

गट लहान आहेत हे खरे, पण फरक इतका मोठा आहे की तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कोणी म्हणेल, तेक्निकोंमध्ये सेवाभाव अधिक. असे म्हणणे सोपे आहे आणि सरकारला सोयीचेही. पण डॉक्टर काही निर्दय नव्हते. त्यांच्यापुढे वाटा होत्या : उच्च शिक्षण, राजधानीतील बदली, परदेशी मदत-संस्थांतील नोकरी. जिल्ह्यातील सेवा हा त्यांच्या प्रवासातला एक थांबा होता. तेक्निको मुळात प्रांतांत काम केलेले, तेथे घरदार असलेले. शिवाय त्यांचे प्रमाणपत्र देशाबाहेर कोठे चालत नव्हते. म्हणजे टिकण्याची दोन कारणे होती. एक म्हणजे मुळे रुजलेली असणे, आणि दुसरे म्हणजे दार बंद असणे.

ही दोन कारणे आपण सहसा एकत्र करतो, आणि तेथेच चूक होते. माणूस टिकला म्हणजे तो रमला असे आपण धरून चालतो. तेक्निकोंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांशी बोलून जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात वेगळेच चित्र दिसते. सोबत काम करणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांना त्यांचे महत्त्व पटलेले होते. ते नसतील तर रुग्णालय बंद पडेल हे सगळे मान्य करत. पण पगार मधल्या फळीतील कर्मचाऱ्याचा, बढतीची वाट अरुंद, आणि डॉक्टरच्या बरोबरीने शस्त्रक्रिया करूनही मान डॉक्टरचा नाही, अशी त्यांची व्यथा होती. पणजीहून गेलेल्या डॉक्टरांची आठवण येथे होते. पुढे सरकारने हा अभ्यासक्रम पदवीच्या पातळीवर नेला. मागणी रास्त होती हे त्याने मान्य झाले, पण ती मान्य व्हायला सुमारे वीस वर्षे लागली.

पैसा सर्व काही नाही, पण...

१९८७ साली मोझांबिकने कर्जाच्या बोज्याखाली आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या अटींप्रमाणे आर्थिक फेररचना स्वीकारली. सरकारी खर्चावर मर्यादा आल्या, आणि महागाईच्या मानाने पगार झपाट्याने घसरले. नर्सच्या पगारात कुटुंबाचे पोट भरेना. मग रुग्णाकडून हळूच पैसे मागणे, औषधे बाजारात जाणे, दुपारनंतर दुसरे काम पाहणे सुरू झाले. हीच माणसे युद्धाच्या काळात जीव धोक्यात घालून केंद्रे चालवत होती. तेव्हा त्यांची नीती अचानक बिघडली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

१९९२ मध्ये शांतता झाली, तशा परदेशी मदत-संस्था मोठ्या संख्येने आल्या. त्यांना अनुभवी डॉक्टर हवे होते आणि त्यांचे पगार सरकारच्या कितीतरी पट होते. नंतरच्या अभ्यासात असे दिसले, की मोझांबिकी डॉक्टर बहुतांशी देशातच राहिले आहेत, पण सरकारी सेवा सोडणाऱ्यांचा मुख्य ओघ या संस्थांकडेच गेला. म्हणजे आरोग्य सुधारायला आलेल्या पैशानेच सरकारी दवाखाना रिकामा होत होता.

शेजारच्या मलावी देशाने २००४ मध्ये वेगळा प्रयोग केला. परदेशी मदत त्याने थेट पगारात घातली. महत्त्वाच्या अकरा प्रकारच्या आरोग्यसेवकांना ५२ टक्के वाढीव भत्ता दिला आणि शिक्षणाच्या जागाही वाढवल्या. २००४ मध्ये या प्रकारांतील ५,४५३ लोक सेवेत होते. २००९ मध्ये ८,३६९ झाले. पाच वर्षांत ५३ टक्के वाढ. पगाराने फरक पडतो याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. मात्र परक्या पैशावर वाढवलेला पगार तो पैसा आटल्यावर कोण देणार, हा प्रश्न त्या प्रयोगाबरोबरच जन्माला आला होता.

तर मग पैसा हेच उत्तर का? गरीब देशांतील वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. आरोग्यसेवकाचा हुरूप कशावर टिकतो, याची सात कारणे त्यात वर आली : पगार, बढतीची वाट, पुढील शिक्षण, इमारत व सोयी, औषधे व साधने, वरिष्ठांचा कारभार, आणि केलेल्या कामाची दखल. यादी वाचताना शिक्षक वाचकांना ती ओळखीची वाटेल. तीत ‘औषधे व साधने’ यांच्या जागी ‘खडू, फळा आणि पुस्तके’ घालून पाहावे. ज्याला उपचार येतो पण हाती औषध नाही, त्याचे मन रोज थोडे मोडते. तेथे भाषणाने हुरूप येत नाही, वाढवलेल्या भत्त्यानेही पुरता येत नाही.

मोजायचे काय?

आरोग्यसेवकांची टंचाई जगात आजही संपलेली नाही. २०२२ मधील एका अंदाजानुसार २०३० साली जगाला सुमारे एक कोटी आरोग्यसेवक कमी पडतील, आणि त्यांतील मोठा वाटा गरीब देशांचा असेल. मोझांबिकमध्ये डॉक्टरांची संख्या १९७५ च्या मानाने कितीतरी पटींनी वाढली. तरीही २०१३ साली आणि पुन्हा २०२३ साली तेथील सरकारी डॉक्टर पगारासाठी संपावर गेले. संख्या वाढली म्हणजे प्रश्न संपला, असे झाले नाही.

म्हणून आम्हाला वाटते, की ‘लाखामागे किती डॉक्टर’ हा आकडा वर्गात सांगताना त्याच्यापुढे आणखी काही प्रश्न लिहावेत. त्यांतले किती राजधानीत आणि किती जिल्ह्यात? सात वर्षांनी त्यांतले किती तेथेच असतील? जे असतील, ते राहावेसे वाटते म्हणून राहिले की दुसरी वाट नाही म्हणून? आणि राहिल्याबद्दल त्यांना काय मिळाले? विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हेच प्रश्न विचारता येतील. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, नर्स येथे किती वर्षे आहे, औषधसाठा शेवटचा कधी आला, एवढी माहिती गोळा झाली तरी आरोग्यावरचा एक चांगला धडा तयार होईल.

युद्धाच्या धामधुमीत शिकलेली तेक्निकोंची पहिली तुकडी १९८७ साली बाहेर पडली. तिच्यातील बरेच जण एकाच जिल्ह्यात वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करत राहिले. ते जाणार नाहीत अशी सर्वांची खात्री होती, आणि त्यांच्या पगाराचा प्रश्न दीर्घकाळ मागे पडला याचे एक कारण बहुधा तेच होते.